व्हायोलिनबाईंची चाल

युरोपात बरोक संगीताचा थाट होता त्या काळी, एका राजाच्या दरबारात व्हायोलिनबाई मोठ्या तोऱ्यात असत. एकदा त्यांनी नवी चाल छेडली न छेडली, तोच त्यांच्या धाकट्या बहिणीने तीच उचलली. मागोमाग जाडजूड चेलोबुवाही तीच घोळवू लागले.

"माझी चाल चोरतात मेले," बाई पियानोचे पूर्वज असलेल्या हार्पसिकॉर्डआजोबांकडे कुरकुरल्या.

"अगं, याला फ्यूग म्हणतात. तू पुढे पळायचं आणि बाकीच्यांनी तुझीच चाल घेऊन तुझ्या मागे लागायचं."

"काही नको. उद्या मी एकटीच वाजवणार."

दुसऱ्या दिवशी बाकीचे मुकाट बसले. बाईंनी नाक वर करून चाल वाजवली आणि झोकात मुजरा करून टाळ्यांची वाट पाहिली.

राजा खुर्चीत सावरून बसला. "सूर जुळलेले दिसतात. करा आता सुरू."