हंसांच्या पोथीचे सत्ताविसावे पान

तळ्याकाठच्या एका जंगलात एक मुंगूस मास्तरकी करत असे. मुलांनो, मुंगसाची जातच मुळी संशयी. बिळात शिरण्यापूर्वी ते तीनदा हुंगते आणि बाहेर पडतानाही एकदा हुंगून घेते. हे मुंगूस तर साऱ्या भाऊबंदांच्या वरताण होते. नव्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी त्याने आधी फळ्याच्या मागे जाऊन पाहिले, मगच फळ्यावर तारीख लिहिली.

त्याच्याकडे हंसभाषेचा तास होता. फार वर्षांपूर्वी दूरदेशीचे हंस त्या तळ्यावर उतरले, चार पिढ्या रुबाबात राहिले आणि एक दिवस उडून गेले. मागे राहिली त्यांची एक पोथी. हंसांनी ती आपल्या कल्याणासाठी ठेवली, असे सारे जंगल मानत असे. मुंगसाला वाटे, घाईत विसरले असतील. पण हंसभाषा आली की पोराचे भले होते अशी घरोघरच्या आईबापांची खात्री होती, त्यामुळे मुंगूस मूग गिळून बसले.

तासाची रीत ठरलेली होती. हंसभाषेचे शब्द फळ्यावर गिरवून झाले की तांबड्या फडक्यात बांधलेली पोथी समोर ठेवायची, तिला तीनदा नमस्कार करायचा आणि हेडमास्तर घुबडाने घालून दिलेली दहा उत्तरे एका सुरात म्हणायची. पोथी थोर का? ती हृदयस्पर्शी आहे म्हणून. पोथीतली हंसीण कशी? सत्याची मूर्ती. घंटा झाली की पोथी परत आंब्याच्या बुंध्यातल्या ढोलीत जाई आणि ढोलीच्या तोंडाशी घुबड डुलक्या घेत बसे. फडक्याची गाठ काही कोणी सोडत नसे.

आठ दिवसांत मुंगसाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्याने घुबडाला विचारले, "हेडमास्तर, पोथी उघडून शिकवली तर?"

घुबडाने एक डोळा उघडला. "थोर ग्रंथाची गाठ सोडायची नसते, गुरुजी. वारा लागतो."

"मग शिकवायचं काय?"

"थोरवी," घुबड म्हणाले आणि डोळा मिटला.

त्या दिवसापासून मुंगसाने मनाशी पक्के केले, की फडक्यात काही दम नाही. असता तर एवढे झाकून कशाला ठेवले असते? नमस्कार करताना ते हात जोडी, पण ओठांच्या कोपऱ्यात हसून घेई. आपण एकटेच काय ते फसलो नाही, याचे त्याला भारी समाधान वाटे.

मग वार्षिक परीक्षा आली. पळसाच्या पानांवर लिहिलेले पेपर मुंगसापुढे आले. तपासणे सोपे होते, दहा उत्तरांशी ताडून पाहायचे आणि बरोबरची खूण करायची. हरणाच्या पाडसापासून अस्वलाच्या पोरापर्यंत सगळ्यांनी 'हृदयस्पर्शी' लिहिले होते, आणि निम्म्यांनी तेही चुकीचे. एकच पेपर वेगळा निघाला, साळिंदराच्या पोरीचा. तिने लिहिले होते, 'पहिली वीस पाने शेवाळाचे प्रकार सांगितले आहेत. मला फार कंटाळा आला. पण सत्ताविसाव्या पानावर हंसीण थव्याशी खोटे बोलली, आणि ते वाचून मला दोन दिवस जेवण गेले नाही.'

घुबडाच्या हाती तो पेपर पडला आणि त्याची दिवसाची झोप साफ उडाली. "पोथी कंटाळवाणी? हंसीण खोटारडी? परवा पालकांची सभा आहे. सगळ्यांसमोर या पोरीचं नाव पटावरून काढा, गुरुजी. तुम्हाला जमत नसेल तर तुमचंही काढू."

मुंगसाने पोरीला एकटीला गाठले. तिच्यावर तरी विश्वास कुठे होता त्याचा? पोथी बांधलेली, वर घुबडाचा पहारा, आणि ही म्हणे पानाचा आकडा सांगते.

"खरं सांग, हे कुठून उचललंस?"

"वाचलं, गुरुजी."

"कधी? पोथी तर कोणी उघडत नाही."

"हंस इथून का गेले, असं मी वर्गात विचारलं होतं. तेव्हा हेडमास्तरांनी शिक्षा म्हणून मला तीन दुपारी ढोलीत कोंडलं. थोरांच्या सहवासात अक्कल येईल म्हणाले. आत दुसरं काहीच नव्हतं करायला. मग मी गाठ सोडली आणि वाचत बसले. नंतर परत बांधून ठेवली."

मुंगसाने मिशा पुसल्या. "बरं. पण मला विचारशील तर पोथीत काही अर्थ नाही. उगाच माजवून ठेवलेलं प्रकरण आहे."

पोरीने मान वर केली. "तुम्ही वाचलीत, गुरुजी?"

आयुष्यभर मुंगसाने जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला होता, एका स्वतःच्या मतावर तेवढा घ्यायचा राहून गेला होता. त्याला मनापासून लाज वाटली.

"माझं नाव काढलं तर आई मला पुन्हा शाळेत नाही घालणार," पोर म्हणाली. "आणि मला पोथीचा शेवट वाचायचा आहे. तिसऱ्या दुपारी चार पानं राहिली."

सभेच्या दिवशी आंब्याखाली सारे आईबाप जमले. पोथी मधोमध ठेवली होती. तीन नमस्कार झाले. घुबडाने पोरीचा पेपर वाचून दाखवला, तशी साळिंदराची आई आपल्या काट्यांत तोंड लपवून बसली. "आता गुरुजी नाव काढतील," घुबड म्हणाले.

मुंगूस उठले, पण पटाकडे न जाता पोथीकडे गेले. पोर खोटी ठरली तर तिची शाळा जाणार आणि आपली भाकरी, हे त्याला कळत होते. शेवटच्या क्षणीसुद्धा त्याने पोथी हुंगली. मग गाठ सोडली.

सभेत एकदम कुजबुज उठली. घुबड पंख फडफडवत पुढे आले, पण तोवर मुंगसाने पाने उलटायला सुरुवात केली होती. शेवाळ. आणखी शेवाळ. विसाव्या पानापर्यंत शेवाळच. मग सत्ताविसावे पान आले आणि त्याने ते जंगलाच्या बोलीत मोठ्याने वाचले :

'माझा पंख बरा आहे, ती म्हणाली. तुम्ही व्हा पुढे, सांजेपर्यंत मी गाठते. आणि त्यांना दिसू नये म्हणून तिने मोडकी बाजू पाण्याकडे केली.'

गेल्या उन्हाळ्यात वणव्यात मागे राहिलेली आपली म्हातारी आई हरणीला आठवली असावी, कारण तिने पाडसाला जवळ ओढले. अस्वल नाक पुसायला झाडाआड गेले. त्या पोथीसमोर त्यांनी जन्मभर मान लववली होती, आणि आत काय आहे ते आज पहिल्यांदा ऐकले होते. आपण उगाच हसत होतो, असे मुंगसाला वाटले.

सगळ्यांची तोंडे पाहून घुबडाने घसा खाकरला. "मी गेली चाळीस वर्षं हेच तर सांगत आलो," ते म्हणाले. सभेने माना डोलावल्या. साळिंदराच्या पोरीचे नाव पटावर राहिले.

मुलांनो, इथे गोष्ट संपली असती तर मलाही बरे वाटले असते. पण मुंगसाला चैन पडेना. एवढ्या सहजासहजी घुबड वळले कसे, हा संशय त्याला वर्षभर टोचत राहिला. त्या वर्षात, घुबड रात्री बाहेर पडले की ढोलीत शिरून, त्याने पोथी दोनदा वाचली. अर्धी रटाळ निघाली, काही ठिकाणी हंस स्वतःची नको तेवढी वाखाणणी करत होते, आणि काही पाने मात्र अशी होती, की ती वाचून झाल्यावर ते बराच वेळ तळ्याकडे बघत बसे.

पुन्हा परीक्षा झाली. पेपर तपासायला घेतले तर प्रत्येक पानावर एकच ओळ : 'हंसीण खोटे बोलली हे अतिशय हृदयस्पर्शी आहे.' घुबडाने पाठांतर स्वतःकडे घेऊन दहाची अकरा उत्तरे केली होती. पोथी पुन्हा फडक्यात गेली होती, आणि नमस्कार तिनाचे चार झाले होते.

तळाशी साळिंदराच्या पोरीचा पेपर होता. तिने लिहिले होते, 'या वर्षी मला हंसिणीपेक्षा थव्याचा राग आला. इतक्या जणांत एकानेही तिला पंख उघडून दाखव म्हटले नाही. सगळ्यांना निघायची घाई होती, म्हणून सगळ्यांनी तिचे बोलणे खरे मानले.' त्यावर घुबडाने आधीच भली मोठी फुली मारून ठेवली होती आणि शेजारी शेरा होता, 'अकरा उत्तरांत नाही.'

मुंगसाने ती फुली खोडली आणि पूर्ण गुण दिले. मग साऱ्या वर्गाचे पेपर उचलून ते घुबडाकडे गेले आणि ढोलीतून पोथी मागून घेतली. "वारा लागेल," घुबड म्हणाले. "लागू दे," मुंगूस म्हणाले, आणि वर्गात जाऊन पोथी पहिल्या बाकावर उघडी ठेवली.

"परीक्षा पुन्हा होईल," त्याने मुलांना सांगितले. "पोथी आवडली नाही असं लिहिलंत तरी चालेल. फक्त कुठलं पान आवडलं नाही, ते लिहा."

तात्पर्य : पोथी न उघडता तिला हात जोडणारा आणि न उघडताच नाक मुरडणारा, दोघेही तिच्यापासून सारखेच लांब असतात. जुने पुस्तक थोर आहे की नाही हे ज्याचे त्याने वाचून ठरवावे. दुसऱ्याचे मत खरे असले तरी ते पाठ करून आपले होत नाही.