घाटावरचं बंदर

एकदा एका बाईने समुद्र घाटावर चढवला. कागदावरच चढवला, पण असा, की वाचणाऱ्याच्या ओठांना खारट चव यावी. कुमुद ढवण हे तिचं नाव. हिरडेगडच्या शाळेत ती मराठी शिकवायची आणि नऊ वर्षं खपून तिने चारशे बारा पानांची कादंबरी लिहिली होती. जे घडायचं राहून गेलं ते घडलं असतं तर, असा त्या कादंबरीचा विषय होता.

राहून काय गेलं, ते आधी सांगायला हवं. साठ वर्षांपूर्वी हिरडेगड हे एक संस्थान होतं. समुद्रापासून सोळा कोस आत, दोन हजार फूट वर. तिथल्या महाराजांच्या मनाने घेतलं, की आपल्या राजधानीला बंदर हवं. मोठमोठे इंजिनियर आले आणि त्यांनी आराखडा काढला. घाटाच्या अंगावर पाण्याचे त्रेसष्ट हौद बांधायचे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकावर एक. जहाज खालच्या हौदात शिरलं, की दार लावून हौद भरायचा. पाण्याबरोबर जहाज वर उचललं जाईल आणि पुढच्या हौदात सरकेल. या सगळ्या हौदांना पाणी पुरवायचं ते माथ्यावरच्या तळ्यातून. तळं आणि घाट यांच्या मध्ये आडवखिंड होती. ती खोदून पाणी पलीकडे काढलं, की झालं.

खिंडीला पहिली पहार लागण्यापूर्वीच गावात बंदर कचेरी उघडली. तिच्यावर नेमलेला अधिकारी रोज सकाळी चौपाटीच्या नियोजित जागी, म्हणजे तुरीच्या शेतात, जाऊन वहीत लिहायचा, ‘भरती नाही. ओहोटी नाही. समुद्र शांत.’ शिंप्याने चार शिडं शिवली. ती वारा नीट धरत नाहीत अशी तक्रार आली, तेव्हा तो म्हणाला, “आधी पाणी आणा, मग वाऱ्याचं बघू.” एका विहिरीत गावातल्या सगळ्या प्रौढ मंडळींनी पोहणं शिकून घेतलं, उद्या कुणी बोटीतून पडलं तर गावाची अब्रू नको जायला. हे सगळं मी ऐकलं तसं सांगतो आहे. माझ्या पदरचं फार तर चार आणे.

आणि एके दिवशी दुपारी काम थांबलं. ते पुन्हा सुरू झालंच नाही. महाराज गेले, संस्थान गेलं, तुरीच्या शेतात एस. टी. स्टँड आला. तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी एक वाक्य राहिलं, ‘कालवा झाला असता तर...’ मुलाला नोकरी नसली, सुनेचं माहेर लांब असलं, मासळी शिळी निघाली, तरी हेच वाक्य. न पाहिलेल्या बंदराची आठवण काढून माणसं हळवी व्हायची.

कुमुद त्या वाक्यावर वाढली होती. संस्थानच्या जुन्या दप्तरात तिला एक कागद सापडला. काम का थांबलं, ते त्यात एका ओळीत होतं: ‘लेव्हल घेणाऱ्या एका उमेदवाराने उंचीत चार फुटांचा फरक असल्याचे कळविले, सबब काम तहकूब.’ उमेदवाराचं, म्हणजे उंची मोजायला शिकणाऱ्या त्या पोराचं, नाव नव्हतं. कुमुदला नावाची गरजही वाटली नाही. नवव्या प्रकरणात तिने त्याला उभा केला, किडकिडीत, शंकेखोर, सतत नाक ओढणारा. मोठी माणसं आकाशाला हात लावायला निघाली असताना हा त्यांचा सदरा मागून ओढतो. मग छावणीतला आचारी त्याची वही दरीत फेकतो, चार फुटांची गोष्ट कुणाच्याच कानी जात नाही, आणि इतिहास वळतो. शेवटच्या प्रकरणात हिरडेगडच्या धक्क्याला जहाज लागतं.

प्रकाशकाला हस्तलिखित पाठवायचं होतं. पण कुमुदने मनाशी ठरवलं होतं, रावजी मास्तर हो म्हणाले तरच पाठवायचं. मास्तर एक्याऐंशी वर्षांचे होते. चाळीस वर्षं त्यांनी त्याच शाळेत गणित शिकवलं होतं, कुमुदलाही. एखादं उदाहरण चुकलं तर ते रागावत नसत; फक्त म्हणत, “पुन्हा कर, मी थांबलोय.” आणि खरोखर थांबत.

मास्तरांनी पाच दिवसांत चारशे बारा पानं वाचली. सहाव्या दिवशी कुमुद गेली, तेव्हा ते चष्मा पुसत बसले होते.

“कशी वाटली?”

“जहाज धक्क्याला लागतं तिथे मी दोनदा वाचलं,” मास्तर म्हणाले. “शिडांचा रंग भगवट होता. तू पांढरा लिहिलायस. पण ते राहू दे.”

“मग पाठवू?”

“उद्या सकाळच्या गाडीने आडवखिंडीत जाऊ. शाळेतली लेव्हलची दुर्बीण मागून घे. आणि मोजपट्टीचा दांडाही घे, स्टाफ म्हणतात तो.”

“कशाला, मास्तर?”

“दांडा तू धर. दुर्बिणीतून मी बघतो.”

कुमुदला काही उमगलं नाही. नऊ वर्षांच्या कामावर अभिप्राय मागावा आणि गुरूने हातात दांडा द्यावा, याचा अर्थ लावता लावता ती घरी गेली. विचारण्यात अर्थ नव्हता. मास्तर उत्तर कधीच आधी सांगत नसत.

दुसऱ्या दिवशी तळ्याच्या काठापासून त्यांनी सुरुवात केली. तळं ते खिंड अंतर दीड मैलाचं. कुमुद दांडा घेऊन पुढे जाई, जमिनीवर टेकवून उभा धरी. मास्तर घडीच्या स्टुलावर बसून दुर्बिणीतून आकडा वाचत आणि वहीत लिहीत. मग ते पुढे, मग ती पुढे. वाटेत ठकूबाई नावाची एक बाई शेळ्या चारत होती.

“आता काय आणताय? रस्ता का धरण?”

“काही नाही, बघतोय,” मास्तर म्हणाले.

“माझी सासू सांगायची, असंच कुणीतरी बघायला आलं होतं. तंबूबिंबू ठोकून. बघून गेले ते गेलेच.”

“तुमच्या सासूबाई ताक फार चांगलं करायच्या.”

ठकूबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. “तुम्हाला काय ठाऊक?”

“ऐकून आहे,” असं म्हणून मास्तरांनी डोळा दुर्बिणीला लावला.

त्या दिवशी मास्तर खूप बोलले. इथे तंबू होते. इथे संध्याकाळी एक मद्रासकडचा नकाशेवाला बासरी वाजवी. या दगडावर बसून आम्ही, असं म्हणून थांबले, आणि “ते लोक” असं म्हणाले. कुमुदचं लक्ष दांड्याकडे होतं.

दुपारी दोघं खिंडीत पोहोचली. तिथे छातीला लागेल एवढा एक पाषाण उभा होता. अंगाला शेंदूर, पुढ्यात नारळाच्या करवंट्या. धनगरांचा देव. त्याच्या माथ्यावर बाणाची एक खूण कोरलेली होती. ती संस्थानच्या इंजिनियरने साठ वर्षांपूर्वी कोरून घेतलेली.

“ही शेवटची खूण,” मास्तर लांबून ओरडले. “खुणेवर धर.”

कुमुदने चपला काढल्या, देवाला नमस्कार केला आणि पाषाणाला लागून दांडा उभा धरला. मास्तरांनी आकडा वाचला, बेरीज-वजाबाकी केली आणि म्हणाले, “तळं खुणेपेक्षा तीन फूट उंच. पाणी येणार.”

कुमुदचा चेहरा उजळला. “म्हणजे तो उमेदवार चुकला होता. माझं नववं प्रकरण बरोबर आहे.”

“आता तू इकडे ये. दांडा मी धरतो.”

जागा बदलल्या. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. कुमुदने डोळा लावला तर आकाश खाली, खिंड वर, आणि मास्तर डोकं खाली, पाय वर असे पाषाणाकडे चाललेले. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. ओठ हलत होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी दांडा उचलला आणि देवाच्या डोक्यावर, त्या कोरलेल्या बाणावर ठेवला.

कुमुदने आकडा वाचला. पुन्हा वाचला. चार फुटांचा फरक होता.

ती चालत पाषाणापाशी गेली. “मी खाली धरला होता,” ती म्हणाली.

“सगळे खालीच धरतात. आमचा दांडेवाला माळकरी होता. देवाच्या डोक्यावर लोखंडी टोक कसं टेकवील? शेजारी टेकवलं, आणि साहेबाने वहीत लिहिलं, पाषाणाचा माथा. महाराजांच्या वाढदिवसाला आराखडा द्यायचा होता, म्हणून कुणी पुन्हा बघितलं नाही. खूण चार फूट खाली ठरली, आणि पुढचा चढ फोडून कालवा याच खुणेच्या पातळीपर्यंत खोदायचा होता. प्रत्यक्षात तळंच खुणेपेक्षा फूटभर खाली होतं. त्रेसष्ट हौद कोरडे राहिले असते, कुमुद.”

“आमचा दांडेवाला,” कुमुद हळूच म्हणाली.

“नाक मी ओढायचो, ते खरं आहे. तुला कुणी सांगितलं, देव जाणे.”

ती पाषाणाशेजारी खालीच बसली. तिने ज्याची वही दरीत फेकून दिली होती, तो तिला पाढे शिकवणारा माणूस होता.

“मास्तर, तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“गाव इतकं हळहळत होतं. कुणाला सांगणार, की मीच तो? आणि जहाज यावं असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. आज सकाळी गाडीत बसलो तेव्हाही आशा होती, की माझंच चुकलं असावं.” मास्तर दांड्याला धरून सावकाश पाषाणापाशी टेकले. “तू त्याला शंकेखोर लिहिलंस, त्याचं मला काही नाही. पण तू इतिहास चुकीच्या जागी वळवलास. तो खरं बोलला तिथे नको वळवू. त्यानंतरचं सांगतो. तंबूत अकरा माणसं होती. मी चार फूट म्हणालो आणि सगळे गप्प झाले. इंजिनियर दांडेवाल्यावर संतापला, दिवाण इंजिनियरवर. महाराज उठून गेले. अर्ध्या तासात कनाती सोडायला सुरुवात झाली. मी कोपऱ्यात उभा होतो. मला एक वाक्य सुचलं होतं. एवढंसं वाक्य. वाटलं, कुणीतरी मोठं माणूस म्हणेल. कुणी म्हणालं नाही. मीही नाही. चूक दाखवली की आपलं काम संपलं, असं वाटायचं वय होतं ते.”

“कुठलं वाक्य?”

मास्तरांनी ते सांगितलं. कुमुदने मान खाली घातली. खाली वळणावर एक एस. टी. घाट चढत होती. तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

प्रकाशकाला कुमुदने महिनाभर थांबायला सांगितलं. मग एका रविवारी ती नवं नववं प्रकरण घेऊन मास्तरांकडे गेली आणि वाचू लागली. आचारी होता, तंबू होता, बासरी होती. शिडं भगवट झाली होती. वही दरीत गेली नव्हती. अकरा माणसांसमोर एक नाक ओढणारा उमेदवार फरक सांगतो, सगळे गप्प होतात, महाराज उठतात. दारापाशी पोहोचतात, तेवढ्यात कोपऱ्यातून तोच पुन्हा बोलतो:

“मग चार फूट आणखी खणू या.”

कुमुद थांबली. मास्तरांनी पुढची सगळी पानं आधीच वाचलेली होती. जहाज कुठल्या दिवशी लागतं, धक्क्यावर कोण कोण उभं असतं, त्यांना पाठ होतं. तरी ते खुर्चीत पुढे सरकले.

“मग?” त्यांनी विचारलं. “मग महाराज काय म्हणाले?”