तिळूच्या दारावरचं पान

एक होतं रान. केवढं दाट! झाडाला झाड चिकटलेलं, पानावर पान. भर दुपारी बघावं, तर खाली काळोख!

त्या रानात राहायची एक मधमाशी. एवढीश्शी! तिळाएवढी. म्हणून तिचं नाव तिळू. तिला नांगी नव्हती, त्यामुळे तिला कुणी घाबरायचं नाही. आणि एका जागी बसेल? कध्धी नाही! सारखी आपली भिर्र भिर्र, भिर्र भिर्र!

तिळूचं घर जांभळाच्या खोडात. खोडाला इवलंसं भोक, तेच तिचं दार. घरात तिची धाकटी भावंडं.

एकदा तिळू खाऊ घेऊन आली. मागच्या दोन्ही पायांवर पिवळा पिवळा खाऊ. बघते तर काय! दार कुठाय? दारावर हे एवढं पान! आतून बाळं ओरडतायत, "ताई, भूक! ताई, भूक!"

तिळूने पान ढकललं. हुश्श! तिळूने पान ओढलं. हुश्श! पान ढिम्म हलेना. तिळू पानाला म्हणाली,

"पाना, पाना, दार सोड!"

पान म्हणालं, "मी कसं सोडू? मी तर वेलीचं. वेलीने उचललं, तर उठेन."

भिर्र भिर्र! तिळू गेली मिरवेलीकडे, मिरीच्या वेलीकडे.

"मिरवेल मावशी, मिरवेल मावशी,
पान दार सोडेना,
मी बाहेर, बाळं आत,
पान जरा उचल ना!"

मिरवेल म्हणाली, "वा गं वा! मी बसलेय ती फांदीच खाली आलीय, मी काय करू? झाडाने फांदी उचलली, तर मी पान उचलेन."

भिर्र भिर्र! तिळू गेली जांभळाकडे.

"जांभूळ आजोबा, जांभूळ आजोबा,
वेल पान उचलेना,
पान दार सोडेना,
मी बाहेर, बाळं आत,
फांदी जरा उचला ना!"

आजोबा म्हणाले, "अगं पोरी, फांदीवर शेवाळ बसलंय. पाणी पिऊन फुगलंय टम्म! माझी कंबर मोडली. शेवाळाने पाणी सोडलं, तर मी फांदी उचलेन."

भिर्र भिर्र! तिळू गेली शेवाळाकडे.

"शेवाळ काकू, शेवाळ काकू,
झाड फांदी उचलेना,
वेल पान उचलेना,
पान दार सोडेना,
मी बाहेर, बाळं आत,
पाणी जरा सोड ना!"

शेवाळ काकू म्हणाली, "अं हं! मला गारगार आवडतं. ऊन आलं, तर पाणी सोडेन. नाही तर नाही!"

आहे की नाही हट्टी? तिकडे बाळांचा आवाज बारीक झाला. "ताई... भूक..."

तिळू निघाली उन्हाकडे. ऊन कुठं? झाडांच्या डोक्यावर! तिळू वर गेली. अजून वर. अजून अजून वर. पंख दुखले, पण थांबतेय कोण! भिर्र भिर्र, भिर्र भिर्र!

"ऊनदादा, ऊनदादा,
शेवाळ पाणी सोडेना,
झाड फांदी उचलेना,
वेल पान उचलेना,
पान दार सोडेना,
मी बाहेर, बाळं आत,
खाली जरा उतर ना!"

ऊनदादा म्हणाला, "उतरेन की! पण वाट कुठाय? माडाने झावळी धरलीय आडवी. माडाने झावळी हलवली, तर मी उतरेन."

भिर्र भिर्र! तिळू गेली माडाकडे.

"माडमामा, माडमामा,
ऊन खाली उतरेना,
शेवाळ पाणी सोडेना,
झाड फांदी उचलेना,
वेल पान उचलेना,
पान दार सोडेना,
मी बाहेर, बाळं आत,
झावळी जरा हलव ना!"

माडमामा म्हणाला, "मुळीच नाही! मी रुसलोय. बघ माझी फुलं. केवढ्या लांब लांब वेण्या! पण इतक्या उंच येतंय कोण? एक माशी फिरकत नाही. एक तरी माशी आली, फुलांत लोळली, तर मी झावळी हलवेन."

"माशी?" तिळू ओरडली. "अरे मामा, मग मी कोण?"

"तू? तू माशी? मला वाटलं, तीळ उडतोय!"

तिळू घुसलीच फुलांत. या फुलातून त्या फुलात, त्या फुलातून या फुलात. गुदुगुदु, गुदुगुदु! माडमामा लागला हसायला. खो खो खो! खो खो खो! आणि हसता हसता,

झावळी हलली. सळसळ!
झावळी हलली, ऊन उतरलं.
ऊन उतरलं, शेवाळाने पाणी सोडलं. टप टप टप!
पाणी सोडलं, झाडाने फांदी उचलली. हेऽऽऽ हुप्प!
फांदी उचलली, वेलीने पान उचललं. सुर्रर्र!
पान उचललं, दार उघडलं!

तिळू सुळकन आत!

"ताई आली! ताई आली!" बाळं बिलगली. कुणी या पायावरचा खाऊ खाल्ला, कुणी त्या पायावरचा. इवली इवली पोटं झाली तट्ट. तिळू बसली बाळांच्या मधोमध. भिर्र नाही की फिर्र नाही. बसूनच राहिली.

माशी पोचली घरी,
पोटं भरली सारी,
गोष्ट झाली पुरी!