जावईबापू आणि खिंडीतली कुसळं

आमच्या भागात एक जहागीरदार होते, स्वभावानं फार संशयी, बघा. त्यांचा लाडका घोडा सोमजी नावाचा मोतद्दार सांभाळायचा. घोडा बाहेर निघाला की सोमजी त्याच्या चारी पायांना कापडी पट्ट्या गुंडाळायचा आणि स्वाराला हात जोडून सांगायचा, "खिंडीत दगड फार आहेत. तिथं तेवढं उतरून पायी चला."

दिवाळसणाला आलेले जावईबापू एकदा रपेटीला गेले. परतले तेव्हा घोडा लंगडत होता. अंगणात उतरल्या उतरल्या ते ओरडले, "मामासाहेब, या माणसानं पट्ट्या मुद्दाम आवळून बांधल्या! मी तर सबंध खिंड पायी उतरलो."

जहागीरदारांची नजर फिरली. "सोमजी, खरं बोल. कुणी फितवलं तुला? नाहीतर आजच्या आज गाव सोड."

सोमजीनं खाली बसून घोड्याचे पाय नीट पाहिले. मग हळूच म्हणाला, "सरकार, जावईबापू म्हणतात तर पायीच उतरले असतील. खिंडीत सध्या गुडघाभर वाळलेलं गवत आहे. घोड्याच्या पट्ट्या कुसळांनी भरल्यात, आणि जावईबापूंच्या धोतराला एकही कुसळ नाही. कुसळांनीसुद्धा जावयाचा मान राखला म्हणायचा!"

जहागीरदारांनी वाकून ते पांढरंशुभ्र धोतर निरखून पाहिलं.

"सोमजी, घोड्याचे पाय शेकायला घे," ते म्हणाले. "आणि जावईबापू, उद्या घरी जाताना खिंड पायीच उतरा. मी मागून बघायला येतो."