नगारखान्याची नवी खिडकी

माणसं कमी आणि खिडक्या जास्त बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. ऐतिहासिक नगारखान्याची सागवानी खिडकी शंभरीला टेकली होती. सरकारी नियम असा, की नवी बसवायची तर हुबेहूब जुनीसारखीच हवी. बाबल सुतार नियमाचा पक्का. त्याने नव्या खिडकीला वाकडं दार, गंजकी कडी आणि पारव्याला शिरायचं भोकसुद्धा केलं.

तपासायला साहेब आले. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन्ही खिडक्या बघून चक्रावले. "यातली जुनी कुठली रे?"

बाबल डोकं खाजवू लागला.

"पारवा ज्या भोकात शिरेल ती जुनी," साहेब म्हणाले. "ती ने तुझ्या बंबात घालायला."

जुनी खिडकी आपल्या नेहमीच्या पारव्याकडे कलली. ती कुजबुजली, "पारव्या, मेल्या, आज शेजारणीकडे जा!"

"तिला रंगाचा वास येतो, मावशी."

"नाक दाबून जा!"

पारवा गेला. जुनी दिमाखात नगारखान्यावर चढली. "नव्याची ऐटच न्यारी!" साहेब खूश झाले.

घरी बाबलचा बंब पेटेना, नुसता धूर. बायको डोळे चोळत म्हणाली, "अहो, शंभर वर्षांचं लाकूड अजून ओलं कसं?"

"अगं, जुन्या लोकांचं काम ते! पक्कं असायचं!"