बांधाच्या गोष्टीचा नायक

खाडीच्या काठी एक गाव होतं. किती वर्षांपूर्वी ते विचारू नका, पण खाडीचं पाणी तेव्हाही खारटच होतं. गाव आणि पाणी यांच्या मध्ये एक लांबलचक मातीचा बांध होता. तो होता म्हणून शेतात भात पिकायचं. तो फुटला आणि खारं पाणी आत साचलं, की पुढची तीन वर्षं त्या जमिनीत गवतही धड उगवत नसे.

दर वर्षी पावसाळ्याआधी सगळं गाव बांधाच्या डागडुजीला जमायचं. त्याची एक रीत होती. कामाला हात लावण्याआधी बांधावर बसून बांधाचीच गोष्ट ऐकायची. गोष्ट सांगायचा म्हातारा कथेकरी, आणि हुंकाराचा मान कुंभाराचा. कथेकरी थांबला की कुंभारानं 'हं' म्हणायचं आणि पुढचं विचारायचं. गोष्टीचा जो नायक ठरेल, त्यानं मातीची पहिली पाटी टाकायची. गोष्ट अर्धवट सोडून पाटी टाकली, तर बांध टिकत नाही असं गाव मानत असे.

त्या वर्षी सांगण्यासारखं पुष्कळ होतं. उधाणाच्या भरतीला, भर दुपारी, बांधाला भगदाड पडलं होतं आणि तरीही गावाचं शेत वाचलं होतं. ते वाचवलं येसूनं. येसू खोताच्या घरी भात कांडायची. नायक म्हणून तिचंच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं.

खोताला हे पचेना. हा मोठा जमीनदार माणूस. स्वतःचं पागोटंही त्यानं कधी स्वतःच्या हातानं बांधलं नव्हतं, पण मानाची पाटी टाकायची त्याला फार हौस. त्यानं कथेकऱ्याला बोलावून घेतलं. नायक म्हणजे गोष्टीतला सगळ्यात मोठा माणूस, आणि गावात सगळ्यात मोठे आपण, तेव्हा गोष्ट आपलीच सांगायची, असं त्यानं बजावलं. नाहीतर कथेकऱ्यानं त्याच्या जागेतली झोपडी सोडून चालतं व्हायचं.

"मालक, नायक मी ठरवत नाही," कथेकरी म्हणाला. "ऐकणारा ज्याच्याबद्दल 'मग काय केलंन?' असं विचारतो, तो नायक."

"मग माझ्याबद्दल विचारायला लाव," खोत म्हणाला.

कथेकरी घरी आला आणि त्यानं बायकोला भांडीकुंडी बांधायला सांगितलं. खोताचं नाव घ्यायला त्याची हरकत नव्हती, पण न घडलेलं सांगायचं नाही हे त्याचं पक्कं होतं. तिनं पाटा-वरवंटा दाराशी आणून ठेवला.

ठरल्या दिवशी गाव बांधावर जमलं. खोतासाठी खुर्ची आणली होती. कथेकऱ्यानं सुरुवात केली. आपल्या गोष्टीचे नायक म्हणजे आपले खोत, तो म्हणाला, आणि त्या दुपारी ते माडीवर उभे होते. तिथून त्यांनी पाहिलं, तर बांध फुटलेला.

"हं," कुंभार म्हणाला. "मग नायकानं काय केलंन?"

"माडीवरून हाका मारल्या."

"हं. मग?"

"पाणी वाढलं."

"मग नायकानं काय केलंन?"

"आणखी मोठ्यानं हाका मारल्या."

बायकांनी तोंडाला पदर लावले. कुंभार मात्र हसत नव्हता. तो साधा माणूस होता आणि त्याला खरोखरच पुढचं ऐकायचं होतं. त्या हाका कुणी ऐकल्या का, असं त्यानं विचारलं. येसूनं ऐकल्या, असं उत्तर आलं.

"मग येसूनं काय केलंन?"

खोतानं हात वर केला. गोष्ट पुरे झाली, पाटी आणा, असा त्यानं हुकूम सोडला. पाटी आणायला कुणी उठलं नाही.

"मालक," कुंभार हात जोडून म्हणाला, "गोष्टीतला बांध अजून फुटकाच आहे. असा टाकून कसं चालेल?"

तेव्हा कथेकरी खोताकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, "पुढे तुम्ही काय केलंत ते तुम्हीच सांगा, मालक. सांगाल तेच मी सांगतो."

सगळं गाव खोताकडे बघू लागलं. आता त्यानं काहीही सांगितलं असतं, तरी त्याच्या तोंडावर त्याला खोटं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. खोतानं तोंड उघडलं. मग त्याची नजर मागे उभ्या असलेल्या येसूवर गेली. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ती खाडीकडे, भरतीला किती वेळ उरला ते बघत होती.

खोताला स्वतःची लाज वाटली, आणि तसं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"मी खिडकी लावून घेतली," तो हळूच म्हणाला. "पुढचं मला ठाऊक नाही."

तो खुर्चीवरून उठला आणि कुंभाराशेजारी मातीत बसला.

"सांगा," तो म्हणाला. "मग येसूनं काय केलंन?"

मग कथेकऱ्यानं सांगितलं. येसूनं आपल्या झोपडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं, डोक्यावर घेऊन ती बांधावर धावली आणि ते भगदाडात उभं करून पाठीनं रेटून धरलं. ते बघून शेजारणीनं आपलं दार आणलं, मग तिसऱ्या घरचं आलं, आणि बघता बघता सगळ्या वाडीची दारं बांधावर आली. मागून माणसं माती टाकत गेली. भरती ओसरेपर्यंत येसू जागची हलली नाही.

गोष्ट संपली. खोतानं फावडं मागितलं आणि पहिली पाटी स्वतः भरली. सवय नसल्यामुळे निम्मी माती त्याच्या पायावर सांडली. ती पाटी त्यानं येसूच्या हातात दिली.

येसूनं माती बांधावर ओतली, पायानं दाबली आणि रिकामी पाटी त्याच्यापुढे धरली.

"भरा," ती म्हणाली. "भरतीच्या आत संपवायचंय."

तात्पर्य एवढंच: नायक होणं हा कुणी मागून घ्यायचा मान नव्हे. वेळ आल्यावर जो पुढे होऊन काही करतो, गोष्ट त्याची होते.