गळक्या बादलीच्या तीन फेऱ्या

मंडळी, ही धावपट्टी नीट बघून घ्या, आणि फाटकाच्या आतल्या खुंटीवरची ती पत्र्याची बादलीही. तिला तीन भोकं आहेत. वसंतातल्या सामन्यांच्या आदल्या दिवशी शेवटच्या वर्षाची मुलं ती पाण्याने भरून खांद्यावर घेतात आणि मैदान डाव्या हाताला ठेवून तीन फेऱ्या चालतात. हे का, ते सांगतो. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, देवाशपथ. साल एकोणीसशे आठ. म्हणजे सात असेल, नऊही असेल. मला ज्याने सांगितलं तो दर वेळी वेगळं सांगायचा, आणि तोही तेव्हा जन्मलेला नव्हता.

कऱ्हाडकडचा निवृत्ती काटकर शेतकी शिकायला सातासमुद्रापार इथल्या विद्यापीठात आला होता, म्हणे. बाप डाकेचा हरकारा. घुंगरांची काठी घेऊन उभा जन्म धावला आणि शेवटी दम्याने अंथरुणाला खिळला. पोरगा निघाला तेव्हा त्याने एकच मागणं मागितलं: तिकडची एक शर्यत जिंक आणि मला कळव. निवृत्तीला तेवढंच करायचं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना सक्तीची असलेली हिरवी टोपी घालून तो सकाळी खानावळीत ताटं विसळायचा आणि मग मैदान गाठायचा.

पण पहिल्याच दिवशी त्याने पाहिलं, की इथे सगळे डावीकडे वळून पळतात. अशी उलटी फेरी त्याने जन्मात एकदाच पाहिली होती, आजोबांच्या चितेभोवती, बापाच्या खांद्यावर पाण्याचं मडकं असताना. बाप जिवंत असताना मुलाने ती फेरी घालायची, म्हणजे आपण होऊन मरणाला बोलावणं धाडायचं. त्याने तिथल्या तिथे शपथ घेतली, की आबा आहेत तोवर ही फेरी नाही.

सुलट दिशेने तो एकटा पळायचा तेव्हा धावण्याचा सराव घेणारे डॉलन मास्तर घड्याळ लावून बघायचे. दोन मैलांत त्याला गाठणारा आसपासच्या चार विद्यापीठांत नव्हता, असं सांगतात. मास्तरांनी समजावलं, दरडावलं, आमच्या एका गड्याला उलट्या बाजूने पळू द्याल का, असं समोरच्या विद्यापीठाला पत्रसुद्धा लिहिलं. त्यांच्या उत्तरावर वसतिगृह महिनाभर हसत होतं. खोलीतला सोबती आयव्हर म्हणायचा, "निव, तू तिकडून ये, आम्ही इकडून येतो. मधे भेटलो की कॉफी पिऊ."

तिसऱ्या वर्षी बापाने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं. त्यात विचारणा एकच होती: शर्यतीचं काय झालं? निवृत्ती दोन दिवस जेवला नाही. मग त्याने नाव दिलं.

बार झाला. सरळ पट्ट्यात तो दहा हात पुढे होता. वळण आलं आणि पाय थबकले. तो उभाच राहिला. बाकीचे त्याला बगल देऊन गेले, एकदा नव्हे, आठ वेळा, आणि बघणारे हसून हसून दमले. संध्याकाळी मास्तरांनी त्याची जर्सी परत मागितली. ते रागावलेसुद्धा नाहीत, म्हणे, आणि तेच त्याला जास्त लागलं.

सोळाव्या दिवशी चुलत्याचं पत्र आलं. बाप गेला होता. निवृत्तीने तारीख बोटांवर मोजली. शर्यतीच्या आधी पाच आठवडे. त्या वळणावर तो ज्याला जपत उभा राहिला, त्याची तेव्हा राखसुद्धा उरली नव्हती. जिंकला असता तरी कळवणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने खानावळीतली बादली उचलली. घरी असता तर मडक्याला भोक पाडायला मागून कुणीतरी चाललं असतं. इथे कोण? त्याने आधीच खिळ्याने तीन भोकं पाडून घेतली, पाणी भरलं, बादली खांद्यावर घेतली आणि डावीकडे वळला. पाय अडले नाहीत.

आयव्हरने लांबून बघितलं आणि टाळ्या पिटत ओरडला, "कळलं एकदाचं वळण! सतरा दिवस उशीर केलास, गड्या."

निवृत्ती चालत राहिला. पाठ भिजत होती. दुसऱ्या फेरीला आणखी पाचसात जण जमले आणि सामन्यात देतात तशा वर्गाच्या आरोळ्या देऊ लागले. तिसऱ्या फेरीला मात्र आयव्हरला त्याचा चेहरा दिसला. त्याने टोपी काढली आणि मुकाट्याने मागोमाग चालू लागला. फेरी संपल्यावर निवृत्तीने बादली पाठीमागे सोडून दिली, वळून न बघता फाटकाबाहेर पडला, आणि पुन्हा कधी धावला नाही. पुढच्या वसंतात पोरांनी गंमत म्हणून तीच बादली उचलली.

आजही ती मुलं तीन फेऱ्या घालतात. बँड वाजतो, पाणी अंगावर गळतं, आणि शेवटपर्यंत जो हसत राहील त्याची पदवी पक्की, असं मानतात. आपण कुणाला पोचवतो आहोत, हे कुणाला ठाऊक नाही. मी एकदा सांगायला गेलो, तर मलाही आरोळी मिळाली.

आता शपथ घेऊन बसलोय, तेव्हा कबूल करतो. यात माझ्या पदरचं एकच आहे. आयव्हरने टोपी काढली आणि तो मागे चालला, ते मी घातलं. काय करणार, सांगताना ती तिसरी फेरी त्याला एकट्याला घालू देववेना. खरं म्हणजे आयव्हर शेवटपर्यंत टाळ्याच वाजवत होता.